कलती चाकं

पाणी मारलेल्या तांबड्या मुरुमाचा ओलसर गंध आणि त्यात मिसळलेला डिझेलचा उग्र दर्प! कुणाला चाफा वेड लावतो, कुणाला केवडा. माझं मन मात्र रस्त्याच्या कामापाशी घुटमळतं. एसटीच्या खिडकीतून हा वास आत शिरला, की शेजारीण नाकाला पदर लावते आणि मी मान बाहेर काढते. हसा खुशाल! पण आपल्या आयुष्यातलं कुठलं सुख कुठल्या गंधात मुरत घालायचं, हे का आपल्या हाती असतं? माझ्या विशीतलं एक अख्खं वर्ष या वासात मुरलेलं आहे.

ते वर्ष माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, ग्रेडरचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. राधानगरीच्या पावसात वर्षानुवर्षं भिजून मोडीत निघालेलं ते पिवळं धूड दादानं विकत घेतलं आणि ट्रकमागं बांधून कोल्हापुरात आणलं. उंटासारखी लांब मान, पोटाखाली माती खरवडून रस्ता सपाट करणारं आडवं पातं आणि हत्यारांच्या पेटीत सुखानं नांदणारे विंचू! दादाच्या चेहऱ्यावर मात्र नवरी घरी आणल्याचं तेज. आईनं त्या यंत्राभोवती एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला. "अरं, म्हस आणली असतीस तर दूध तरी दिलं असतं!"

ते दुरुस्त करायला घेतलं दस्तगीर मिस्त्रींनी. साठीला टेकलेला, सडसडीत, भयंकर तापट आणि लोण्याहून मऊ असा हा माणूस. उद्यमनगरातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुऱ्हाळाची इंजिनं आणि विहिरीवरचे पंप बरे होऊन जात. ग्रेडरला मात्र त्यांनी उभ्या जन्मात हात लावलेला नव्हता. आजूबाजूचे कारखानदार चहा पिता पिता टोमणे मारू लागले. "गुऱ्हाळाचा मिस्त्री ह्यो. ह्येला काय झेपतंय?" झालं! म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. भर रस्त्यात उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "ह्यो गडी रस्त्यावर सरळ चालला न्हाय, तर दस्तगीर परत हातात पाना धरणार न्हाय!" आणि तुम्हाला सांगते, ते बोलल्याप्रमाणं वागणारे होते. दादाचं यंत्र बिघडलं असतं तर फार तर यंत्र गेलं असतं. मिस्त्रींचं मात्र अवघं आयुष्यच त्या शब्दाला टांगलं गेलं.

दादाचा जेवणाचा डबा घेऊन मी रोज तिथं जाई, म्हणून हे सारं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. गंजून गच्च बसलेल्या इंजिनात रॉकेल ओतून मिस्त्रींनी आठ दिवस त्याला नुसतं मुरू दिलं, रोज सकाळी येऊन आजाऱ्याची नाडी बघावी तसा हात लावून ते परत जात. न मिळणारे भाग त्यांनी स्वतः ओतून घेतले, कातून घेतले. अखेर एके दुपारी चाकांखाली लिंबं ठेवली, मिस्त्रींनी बिस्मिल्ला म्हटलं, दादानं नारळ फोडला, आणि काळ्या धुराचा लोट सोडून ते धूड असं काही गर्जलं, की समोरच्या चहावाल्याच्या कपबश्या खणखणल्या. मिस्त्री रडले. दादाही रडला. मी तर काय, आधीपासूनच रडत होते.

एक गोष्ट तेवढी मिस्त्रींच्या डोळ्यांत खुपत होती. पुढची दोन्ही चाकं एका अंगाला कललेली होती. कुठं तरी आपटून सांगाडा वाकलाय, असं त्यांचं ठाम मत. दादा बिचकत म्हणाला, "मिस्त्री, ऱ्हाऊ द्या की तशीच. बनवणाऱ्यानं उगंच का कलती केली असतील?"

"बाळू, तू मला शिकवू नगंस," मिस्त्री कडाडले. "वाकड्या चाकाची गाडी माज्या शेडातनं भाईर पडायची न्हाय!" मिस्त्रींनी अडकलेले सांधे मोकळे केले, चाकं ओळंब्यात उभी केली आणि पुन्हा कलू नयेत म्हणून आडवी लोखंडी पट्टी वेल्डिंगनं पक्की जोडून टाकली. केवढी निगुतीनं केलेली ती चूक!

मलकापूरच्या वाटेवरचं काम मिळालं. पहिल्या दिवशी दादाबरोबर मीही गेले; टोमणे मारणारेही मुद्दाम बघायला आले. पातं मुरुमात उतरलं, ढीग बाजूला सरू लागला, आणि ग्रेडरचं नाक हळूहळू गटारीकडं घसरलं. पुन्हा मागं घेतला, पुन्हा घसरला. लोक फिदीफिदी हसत होते आणि मिस्त्री पांढरेफटक पडले होते. तेवढ्यात गर्दीतून धरणाच्या कामावर ग्रेडर चालवलेला एक फेटेवाला म्हातारा पुढं आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "पावणं, चाकं कुणी बांधली ओ ही? मातीचा रेटा तोंडाला एका अंगाला लोटतोय, तवा चाकं उलट्या अंगाला कलवायची असत्यात. न्हायतर गडी नाकाम्होरं जाईल कसा?"

सगळ्यांच्या नजरा मिस्त्रींकडं वळल्या. त्यांनी हातातला पाना जमिनीवर ठेवायला कंबर वाकवली.

"मी बांधायला लावली," दादा मोठ्यानं म्हणाला. "मिस्त्री नगं नगं म्हणत हुते. माजाच हट्ट!"

मी आ वासून बघत राहिले. हसू सगळं दादाच्या अंगावर आलं; त्यानं ते मुकाट झेललं. मिस्त्री क्षणभर तसेच वाकलेले राहिले, मग पाना घेऊन उठले, गावातून कापायचं सामान मागवून त्यांनी स्वतःच्या हातांनी ती पट्टी तोडली. दिवस मावळायच्या आत ग्रेडर कलत्या चाकांवर नाकासमोर सरळ चालला!

कमरेवर भरली घागर घेतलेली बाई दुसऱ्या अंगाला कलते, म्हणून तर तोल सावरून घरी पोचते. आपण मात्र लहानपणापासून पोरांना ताठ उभं राहायलाच शिकवतो. दादा उभ्या आयुष्यात खोटं बोलला नाही, असं आई अभिमानानं सांगायची. मी कधीच तिचं बोलणं दुरुस्त केलं नाही.

पुढं मिस्त्री थकले. आम्ही भेटायला गेलो तर शेडच्या भिंतीवर, खिळ्याला, ती तोडलेली पट्टी टांगलेली. ते म्हणाले, "बाळू, त्या दिवशी तू खोटं बोल्लास."

"कवा?" दादानं विचारलं. "मीच सांगितलंवतं की! तुमी इसरलाय आता."

मिस्त्रींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता दोघंही नाहीत. ती पट्टी माझ्याकडं आहे. मुरुमाचा वास आला, की एसटीच्या खिडकीतून मी आधी ग्रेडरची पुढची चाकं बघते. कललेली दिसली, की मान आत घेते आणि शेजारणीला सांगते, "रस्ता चांगला होणार बघा हा."