भलत्या बसमध्ये सत्यवती

नागावात समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सत्यवती घरतची नारळाची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. पाहुणे शनिवारी येतात, तिच्या हातचं सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी खातात, रविवारी दुपारी गाड्या काढतात. बावन्नाव्या वर्षापर्यंत सत्यवतीला जग ठाऊक होतं ते एवढंच, तिच्या ओटीवर जेवायला येणारं. ती स्वतः अलिबाग, पेण आणि एकदा नणंदेकडच्या लग्नाला माणगाव, यापलीकडे एकटी कधी गेली नव्हती.

तिचं माहेर पेणकडचं, खाडीकाठचं. बाप मिठागरावर कामाला. सातवीनंतर शाळा सुटली आणि तीही आईबरोबर मीठ ओढायला जाऊ लागली. लग्न होऊन नागावला आली तेव्हा तिच्या तळपायांची कातडी चपलेच्या तळासारखी टणक होती. नवरा जीवन ट्रक चालवायचा. बंदरातून माल उचलून पार इंदूर, नागपूरपर्यंत जायचा. तो आला की सत्यवती त्याच्यापुढे ताट ठेवून विचारायची, वाटेत काय काय दिसलं? जीवन जेवता जेवता म्हणायचा, "रस्ता म्हणजे रस्ता. त्यात काय सांगायचं?" आपण गेलो असतो तर पुष्कळ सांगितलं असतं, असं तिला दर वेळी वाटायचं.

मुलगी अमिषा पनवेलला नोकरीला लागली, जीवननं ट्रक विकला आणि वाडीत लक्ष घातलं. त्याच हिवाळ्यात नाशिकच्या सुचिताबाई चार दिवस राहायला आल्या. निवृत्त शिक्षिका, पाठीला एक पिशवी, सोबत कोणी नाही.

"तुमी एकट्याच?" सत्यवतीनं विचारलं.

"एकटीच. इथून किहीम, मग दोन महिन्यांनी कंबोडिया."

"घरचे काय बोलत न्हाय?"

"बोलतात की. मी ऐकून घेते आणि तिकीट काढते."

सत्यवतीनं त्या बाईंना पुढचे तीन दिवस सोडलं नाही. पासपोर्टचा फॉर्म कुठे भरायचा, खोली आधी कशी ठरवायची, फोनमध्ये बोललेलं दुसऱ्या भाषेत कसं उमटतं, सगळं विचारून घेतलं. जाताना सुचिताबाई म्हणाल्या, "पहिल्यांदा व्हिएतनामला जा. भात, मासे, नारळ. तुम्हाला परकं वाटायचं नाही."

नारळ सोलत बसलेल्या जीवनला तिनं हे सांगितलं. तो म्हणाला, "अगो, हरवलीस तर?"

"विचारीन कुणालातरी. तोंड हाय ना मला."

"त्यांना मराठी कळतंय व्हय?"

"तुमची आगरी तरी नागपुरात कुठं कळत होती त्यांना? माल पोचवलात ना?"

जुलै महिन्यात, खोल्या रिकाम्या असताना, सत्यवती निघाली.

व्हिएतनामच्या हो ची मिन्ह शहरात पहिल्याच सकाळी रस्त्यानं तिची परीक्षा घेतली. स्कूटरांचा लोंढा थांबेचना. अर्धा तास ती कडेला उभी होती. मग भाजीच्या टोपल्या खांद्यावर तोललेली एक म्हातारी रस्त्यात शिरली आणि सत्यवती तिच्या शेजारून, तिच्याच पावलानं चालू लागली. स्कूटर दोघींना वळसा घालून जात राहिल्या. पलीकडे पोचल्यावर ती परत फिरली आणि तोच रस्ता आणखी दोनदा ओलांडला, या वेळी कोणाच्याही सोबतीशिवाय. त्यानंतर त्या शहरात ती कशालाही दबकली नाही.

पाचव्या दिवशी तिनं किनाऱ्यानं वर जाणारी बस धरली. तिकडच्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये दिवसाही झोपायच्या जागा असतात. चढताना चपला काढून पिशवीत घालायच्या आणि मधे कुठे थांबलं की बसवाले प्लास्टिकच्या सामायिक सपाता देतात. दुपारी बस एका मोठ्या खानावळीपाशी थांबली. सत्यवती निळ्या, दोन नंबर मोठ्या सपाता फटफट वाजवत उतरली, वाफाळता सूप-भात खाल्ला, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन लाल बसमध्ये चढली. आपली जागा मागे वरच्या बाजूला, एवढं तिच्या लक्षात होतं. ती आडवी झाली आणि तिला डोळा लागला.

जाग आली ती पुढच्या थांब्यावर चढलेला एक माणूस तिच्या पायाला हळूच हात लावून काहीतरी सांगत होता तेव्हा. जागा त्याची होती. सत्यवतीनं तिकीट दाखवलं. कंडक्टर आला, त्यानं तिकीट उलटसुलट पाहिलं आणि डोक्याला हात लावला. खानावळीपाशी एकाच कंपनीच्या तीन लाल बस उभ्या होत्या. सत्यवती भलतीत चढली होती. तिची बॅग, तिच्या चपला, अमिषानं बांधून दिलेली सुकटीची चटणी, सगळं दुसऱ्या बसमधून पुढे निघून गेलं होतं. कमरेच्या पाकिटात पासपोर्ट, पैसे आणि निम्मी बॅटरी उरलेला फोन तेवढा होता.

कंडक्टरनं चार ठिकाणी फोन लावले आणि एका फाट्यावर तिला उतरवलं. तिथल्या चहाच्या टपरीवाल्या बाईला त्यानं काहीतरी समजावलं. ती बाई सत्यवतीच्याच वयाची. तिनं प्लास्टिकचं बुटकं स्टूल पुढे केलं आणि बोटांनी चारचा आकडा दाखवला. चारची बस. फोननंही तिचं बोलणं मराठीत करून तेच सांगितलं. चारच्या बसनं जायचं, बॅग पुढच्या ऑफिसात मिळेल.

जीवनचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्याला फोन लावावा असं क्षणभर वाटलं. पण लावून काय सांगणार? तिथून तो काय करणार? तिनं फोन पाकिटात ठेवला, चहा संपवला आणि मग तिला वास आला. खारट, उन्हात तापलेल्या चिखलाचा. तिनं टपरीच्या मागे जाऊन पाहिलं. नजर पोचेल तिथवर मिठाचे वाफे पसरले होते, पांढरे, चकाकणारे. त्यांत टोपल्यावाल्या बाया.

ती बांधावर जाऊन उभी राहिली. अवजार थोडं वेगळं, टोपल्या निराळ्या, पण मीठ गोळा करायची तीच रीत. ती पाहत असतानाच डोंगराच्या बाजूनं काळा ढग चढू लागला. बायांची धावपळ सुरू झाली. उघड्या वाफ्यात पडलेलं मीठ पावसात गेलं तर कित्येक दिवसांची मेहनत विरघळते, हे सत्यवतीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एका वाफ्यात एकटीच म्हातारी लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढत होती आणि तिला ते उरकत नव्हतं. बांधाला दुसरी फळी टेकवलेली होती.

सत्यवतीनं निळ्या सपाता बांधावर ठेवल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि ती वाफ्यात उतरली.

म्हातारी ओरडून काहीतरी म्हणाली. पाहुण्या बाईनं मीठ तुडवू नये, असंच म्हणाली असणार. सत्यवतीनं बांधाची फळी उचलली. खालचा चिखल न ढवळता नुसती वरची पांढरी साय ओढायची, ही खुबी तिच्या हातांना तीस वर्षांनंतरही ठाऊक होती. दोन फेऱ्या झाल्यावर म्हातारी थांबली. तिनं सत्यवतीनं लावलेल्या राशीकडे पाहिलं, मग सत्यवतीच्या पायांकडे पाहिलं आणि आपली फळी तिच्या फळीशेजारी लावली. दोघींनी तो वाफा उरकला, पलीकडचाही निम्मा उरकला. ताडपत्र्या ओढता ओढता सर कोसळली.

पाऊस थांबेपर्यंत सगळ्या बाया टपरीच्या छपराखाली दाटीवाटीनं बसल्या. सत्यवतीनं फोन पुढे धरून मराठीत सांगितलं, "माझा बाप मिठागरावर होता. आमच्याकडेबी असंच मीठ पिकतं." फोन त्यांच्या भाषेत बोलला. सगळ्या एकदमच बोलायला लागल्या. तुमच्याकडे मीठ कोण वाहतं, बायाच का? खांदे दुखतात का? सत्यवतीनं आपला खांदा चोळून दाखवला. हसू उसळलं. तेवढ्यात चारची बस आली आणि गेली. कोणाच्या लक्षातच आलं नाही.

टपरीवाल्या बाईच्या घरी ती दोन दिवस राहिली. पहाटे मीठ, दुपारी भात आणि तळलेले मासे. टपरीवाल्या बाईनं बसच्या ऑफिसात फोन केला होता, त्यामुळे तिसऱ्या दिवशी एका लाल बसमधून तिची बॅग आली, तीन प्लास्टिकांत गुंडाळून घट्ट बांधलेली. आत बरणी फुटली होती आणि सुकटीच्या वासानं बसवाले हैराण झाले असावेत. बॅग देताना कंडक्टरनं हात लांब धरले होते. पुढचा सगळा प्रवास सत्यवतीनं कोळणीच्या टोपलीसारखे वास मारणारे कपडे घालून केला.

त्यानंतर ती थांबली नाही. दर पावसाळ्यात एक देश. केनियात एका माकडानं तिचा चष्मा पळवला आणि आठवडाभर तिनं हत्ती धूसरच पाहिले. लिस्बनमध्ये खोलीचं दार मागे ओढलं गेलं आणि ती अंगणात अडकली. घरमालकीण ऐंशीची, इंग्रजीचा गंध नाही. वैतागून सत्यवती मराठीतच म्हणाली, "चावी आत राहिली." म्हातारीनं मान वर केली. "शाव?" तिनं विचारलं आणि खिशातून दुसरी चावी काढली. सत्यवती थक्क झाली. पोर्तुगीज भाषेतही चावीला जवळपास तोच शब्द होता. मग दोघी स्वयंपाकघरात बसल्या. पाव, बटाटा, एकेक वस्तू उचलून सत्यवती नाव सांगायची, म्हातारी आपलं सांगायची. जुळलं की दोघी टेबलावर थाप मारायच्या.

या सगळ्या गोष्टी ती घरी येऊन जीवनला सांगते. रोज थोडं, जेवताना. गेल्या वर्षी तो मधेच म्हणाला, "पुढल्या टायमाला मीबी येतो."

सत्यवतीनं दोन दिवस विचार केला. मग त्याच्याशेजारी ओटीवर बसून म्हणाली, "आपण दोघं जाऊ, नक्की जाऊ. पण पावसाळ्यातलं जाणं माझं एकटीचं ऱ्हाऊ दे."

"माझी अडचण होते?"

"न्हाय हो. तुमी असलात की मी तुमच्याकडं बघते. एकटी असले की सगळीकडं बघते."

जीवनला ते लागलं. पण दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा फॉर्म आणून त्यानं तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "भर. मला जमत न्हाय." डिसेंबरात दोघं श्रीलंकेला जाऊन आली. विमानात जीवननं तिचा हात सोडला नाही आणि परत आल्यावर वाडीत येणाऱ्या प्रत्येकाला तो तिथल्या घाटरस्त्यांबद्दल तास तासभर सांगत होता.

यंदाच्या जुलैत सत्यवती उझबेकिस्तानला निघाली. जीवन तिला विमानतळावर सोडायला आला. सामान उतरवून देत त्यानं विचारलं, "पोचल्यावर फोन करशील ना?"

"करीन," ती म्हणाली. "पण आधी जरा फिरून येईन." आणि पिशवी खांद्याला लावून रांगेत जाऊन उभी राहिली.