दोन बोटं चढ

"श्वास धर गो," असं म्हणूनच आमचे हवामान-नोंदीचे काका पेटीचं दार उघडायचे. माणसाचा श्वास लागला की पारा फसतो, हे त्यांचं ठाम मत. रोह्याजवळच्या आमच्या शेतकी फार्मवर, गवतात चार पायांवर उभी असलेली झडपांची, आत तापमापक टांगलेली पांढरी पेटी हाच त्यांचा संसार. मी पेणहून येणारी नवी टायपिस्ट. सकाळी साडेआठला मला आधी पेटीपाशी उभं करायचे, मग हजेरी. अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील, नेमून दिलेलं काम खरोखरच करणारी. आपण त्यांना हसतो. मीही हसले.

"आज काय उकडतंय," असं कोणी म्हटलं की ते चिडत. "आजचं आज राहू दे. सरासरी बोला."

त्यांनी कागदाला कागद चिकटवून नोकरीभराचा आलेख केला होता. दर वर्षाचा एक ठिपका. उलगडायला दोन टेबलं लागत. रेघ वर-खाली नाचायची, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटं चढलेली. ते खरोखर बोटं लावून दाखवत.

खांब गावची एक म्हातारी दर हिवाळ्यात वालाची तक्रार घेऊन यायची. "थंडी नाय, दव नाय, शेंग भरतच नाय." त्यांनी आलेख उलगडला. ती वाकून बघत राहिली.

"एवढ्याशानं माजा वाल गेला?"

"आजी, माणसाला ताप येतो तेव्हा पारा केवढा चढतो? एवढाच. तरी अंथरूण धरतोच ना? हा जमिनीचा ताप समजा."

"तापाला गोळी हाय. याला काय हाय?"

ते आलेख गुंडाळत बसले. गुंडाळून झाला तरी सुतळीची गाठ बराच वेळ मारत होते.

पुढे नवे साहेब आले. गवत काढून पेव्हर ब्लॉक बसवले, आणि साहेबांच्या खोलीतल्या एसीचा गरम हवा फेकणारा डबा बरोबर पेटीकडे तोंड करून भिंतीला लागला. काकांनी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं, सुशोभीकरणाचं काम मंजूर आहे. त्या उन्हाळ्यात आकडे भसाभस चढले. वर्तमानपत्राचा माणूस धावत आला. काका त्याला सांगत होते, "अहो, हे जगाचं नाही, फरशीचं आहे." त्यानं छापायचं ते छापलंच.

म्हातारी कात्रण घेऊन हजर. "आता वाढला ना ताप?"

"हा खोटा आहे, आजी. तो आधीचा खरा."

"मोठा खोटा नि धाकटा खरा?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "याचं यालाच कळना गो."

हे त्यांना फार लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मला वरच्या कचेरीसाठी पत्र सांगितलं: या जागेचे आकडे यापुढे धरू नयेत. माझी बोटं थांबली. "काका, नका पाठवू. पेटी बंद करतील. कोण बघतंय इथं?"

"खोटं एक घातलं की मागचं सगळं खोटं ठरतं. टाइप कर."

वरून एवढ्या तत्परतेनं उत्तर कधीच आलं नव्हतं. पेटी बंद झाली. काकांना बियाण्याच्या गोदामावर बसवलं. तिथूनच ते निवृत्त झाले, आणि वर्षभरात गेले. ते पत्र मी टाइप केलं, याचं मला अजून वाईट वाटतं. नसतं केलं तर त्यांनी हातानं लिहिलं असतं, तेही ठाऊक आहे.

पेटीत आता माळी जेवणाचा डबा ठेवतो.

परवा म्हातारी आली. वाल पेरायचा तिनं सोडलाय. सहज आली होती. "तो ताप बगनारा कुठं हाय?"

मी सांगितलं. ती पायरीवर टेकली.

"मंग आता कोन बगतो?"

"इथं कोणी नाही, आजी."

तिनं पेटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग ताप उतरला तं कळायचा कसा?"