याकोब मास्तरांनी बदललेला पाठ

शनिवारी दुपारी ऊन कललं की याकोब मास्तर मोबाईल घेऊन चर्चच्या पायरीवर येऊन बसतात. घरात रेंज नसते. पायरीवर, तीही डाव्या कोपऱ्यात, बरी येते. शेवगाव तालुक्यातल्या त्या गावात ख्रिस्ती मंडळींची चाळीसेक घरं. पाळकसाहेबांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, अशी सात गावं, त्यामुळे ते महिन्यातून एकदा उगवतात. उरलेल्या रविवारी उपासना चालवायची ती मास्तरांनी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली, पण इथून त्यांना कुणी निवृत्त करीना.

पूर्वी वर्षाच्या सुरुवातीला नगरहून एक छापील पुस्तिका यायची. कोणत्या रविवारी पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, कोणते पाठ वाचायचे, ते त्यात ओळीने दिलेलं असायचं. चार वर्षांपूर्वी ती यायची बंद झाली. विचारलं तर उत्तर आलं, आता सगळं नेटवर आहे. नेटवर सगळं असतं हे खरं, पण त्यातलं आपलं कोणतं हे शोधता शोधता माणसाचा जीव जातो. एका ठिकाणी सगळं इंग्रजी. दुसऱ्या ठिकाणी मराठी, पण ते वाचून छत्तीस वर्षं मराठी शिकवल्याची लाज वाटावी असं. तिसरीकडे पाठ उघडायच्या आधी एक बाई केसांच्या तेलाची जाहिरात करते, आणि चौथीकडे सुटाबुटातला एक गृहस्थ असा ओरडतो की पायरीवरची कुत्री उठून जातात. त्यात पाठांचं चक्र तीन वर्षांचं. चुकून मागच्या वर्षाचा तक्ता उघडला की झाली पंचाईत. म्हणून मास्तर तीन ठिकाणी ताडून बघतात आणि मग वहीत उतरवून घेतात. आता गुडघे दुखतात, स्क्रीनकडे पाहून डोळ्यांना पाणी येतं, आणि खरं सांगायचं तर मनही पूर्वीसारखं साथ देत नाही. मास्तर, उद्यापासून नका येऊ, असं कुणी म्हणालं असतं तर त्यांनी त्याचे आभार मानले असते.

त्या शनिवारी मात्र वहीत पाठ लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. जुन्या करारातला पाठ होता एका विधवेचा. तिचा मुलगा मरतो आणि संदेष्टा त्याला उठवतो. शुभवर्तमानातला पाठ होता नाईन गावच्या विधवेचा. तिच्या एकुलत्या एका मुलाची तिरडी वेशीबाहेर निघालेली असते, प्रभू ती थांबवतो आणि मुलाला उठवतो. एक नाही, दोन दोन विधवा, आणि दोघींची पोरं उठतात. ऐकायला पहिल्या बाकावर रंगुबाई.

रंगुबाईलाही नवरा नाही. तिचा एकुलता एक मुलगा करण महिन्यापूर्वी भाजीचा टेम्पो घेऊन चालला होता, तो रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकवर आदळला. सत्तावीस वर्षांचा पोरगा. मागे बायको निकिता, लग्नाला दोन वर्षंही झालेली नाहीत. पाळकसाहेबांना पोचायला अंधार पडणार होता, म्हणून दफनाची प्रार्थना मास्तरांनीच केली. ज्याचा हात धरून पहिलीत अक्षरं गिरवून घेतली, त्याच्यावर मूठभर माती टाकताना त्यांना शब्द आठवेनात. तेव्हापासून दर रविवारी रंगुबाई त्यांच्या तोंडाकडे नुसती पाहत बसते. रडत नाही, गाणी म्हणत नाही.

त्या बाईचा उठला, मग माझा का नाही, असं तिने विचारलं तर काय सांगायचं?  मास्तरांनी नेटवर शोधलं. प्रवचनं पन्नास निघाली, उत्तर एकातही नव्हतं.

शेवटी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. मुद्दाम मागच्या वर्षाचा तक्ता उघडला आणि त्यातला, इवल्याशा मोहरीच्या दाण्याचं मोठं झाड होतं, तो पाठ वहीत लिहिला. शेती करणाऱ्यांना तो आवडतो आणि कुणाच्या जिवाला लागत नाही. शिवाय कळणार कुणाला? इतक्या वर्षांत आजचा पाठ कोणता, असं त्यांना एका माणसाने विचारलं नव्हतं.

रविवारी दोन गाणी झाली. मास्तरांनी चष्मा लावला, पाठ जाहीर केला, आणि रंगुबाई उभी राहिली.

“मास्तर, आज ह्यो पाठ न्हाई.”

सगळं चर्च तिच्याकडे बघायला लागलं. 

“वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे दिलेले असतात, रंगुबाई.”

“सगळीकडं नाईनच्या बाईचाच हाय,” शेजारी बसलेली निकिता खाली मान घालून म्हणाली. “मी बुधवारी मोबाईलवर काढून आत्याबाईंना वाचून दाखवला. तवापासून रोज वाचतीय.”

छत्तीस वर्षं पोरांच्या थापा पकडणारे मास्तर भर उपासनेत स्वतःच पकडले गेले. त्यांनी चष्मा काढला.

“मी बदलला,” ते म्हणाले. “तुम्हाला सोसणार नाही म्हणून.” आणि मग त्यांना स्वतःचीच चीड आली. “नाही. तेही खोटं. मला सोसणार नव्हतं. महिनाभर मी तुमच्या दारावरून जात नाही, मागच्या रस्त्याने जातो. तुम्ही विचारलंत तर मला काही सांगता येणार नाही.”

“म्या कुठं काय इचारलं?” रंगुबाई म्हणाली. “तुमीच न्हाई, सगळंच गाव मागनं जातंय. मी पान्याला गेले की बाया गप बसत्यात. त्याचं नावबी कुनी घेत न्हाई. ह्या पाठात एका बाईच्या पोराचं मढं चाललंय आन् कुनीतरी वाटंत थांबलंय. तेवढं मला सगळ्यांसंगं बसून ऐकायचंय. पोरगं उठलं ते त्या बाईचं नशीब. माझं न्हाई उठत, कळतंय मला. तुमी वाचा.”

मास्तरांनी वाचलं. प्रभू तिरडीला हात लावतो आणि खांदेकरी उभे राहतात, तिथपर्यंत आवाज टिकला. मुलाला आईच्या हवाली केलं, हे वाचताना तो फुटला. तेवढ्यात रंगुबाईने हंबरडा फोडला. दफनाच्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मागच्या बाकांवरच्या बायका उठल्या आणि तिच्याभोवती येऊन बसल्या. त्या दिवशी प्रवचन झालंच नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

उपासना संपली, माणसं पांगली. रंगुबाई आणि निकिता जागच्या हलल्या नाहीत. मास्तर पार गळून गेले होते, घरी जाऊन आडवं व्हावं असं वाटत होतं. तरी गुडघे सांभाळत ते त्यांच्या बाकावर येऊन बसले. 

“करण शाळंत कसा हुता, मास्तर?” रंगुबाईने विचारलं.

“डबा मधल्या सुट्टीच्या आधीच संपवायचा,” मास्तर म्हणाले. “आणि सुट्टीत माझ्या डब्याकडे बघत उभा राहायचा. मागायचा नाही, नुसता बघायचा. रोज अर्धी भाकरी द्यावी लागायची मला.”

निकिताला हसू आलं आणि तिने पदर तोंडाला लावला. रंगुबाई मास्तरांकडे टक लावून पाहत राहिली.

“हे मला ठावं नव्हतं,” ती म्हणाली. “आजून सांगा.”