घरातलं खरं वाक्य

मुलांनो, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, वर्ग बंद करून तू आमच्याकडे का येत नाहीस?" तुमचं जेवण निवत होतं, म्हणून मी नुसतं "बघू" म्हणाले. फोनवर मला तुमच्या वेगानं बोलता येत नाही, म्हणून आज लिहिते.

नांदेडच्या शाळेत इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि लातूरच्या या घरी आले. तुमचे आजोबा गेल्यावर पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना कठीण इंग्रजी शब्द हवे असत. माझा नियम एकच. अर्थ पाठ करायचा नाही. त्या शब्दाचं आपल्या घरातलं खरं वाक्य करून आणायचं. बनवलेलं वाक्य मी परत करायची. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूष. अर्धापूरच्या एका मुलानं लिहिलं, केळीची बाग सोडून इथं यायला मी रिलक्टंट होतो. तो शब्द त्याच्या अजून लक्षात असेल.

पुढे मागच्या गल्लीत मोठा क्लास निघाला. तिथं शब्दांच्या याद्या मोबाइलवर मिळतात. एकेक मूल तिकडं गेलं. संध्याकाळी मी सतरंजी अंथरायची आणि पुष्कळदा कुणी न बसताच तिची घडी घालायची. औशाहून बसनं येणारी एक मुलगी तेवढी राहिली.

"तू का नाही गेलीस गं तिकडं?"

"गेलते की, मॅडम. तिथं कुणी काही इचारतच न्हाई. अन् चहा बी न्हाई."

मागच्या महिन्यात तिला 'सॉलिटरी' शब्द दिला, म्हणजे एकटं. शेतातल्या एखाद्या झाडाचं वाक्य आणील असं वाटलं. तिनं इंग्रजीत लिहून आणलं : माझ्या मॅडम सॉलिटरी आहेत; माझी बस चुकली तर त्या दिवसभर कुणाशी बोलत नाहीत.

मी लाल पेन उघडून बसले. खोडण्यासारखं काही नव्हतं.

"चुकलं का, मॅडम?"

"नाही. बरोबर आहे."

"मग राग आला?"

"चहा घे आधी."

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली. "हिला इंग्रजी काही येत न्हाई, मॅडम, पण बोलते लई. तुम्हाला पुरंल."

मला तुमची आठवण येते. पण तिथं तुम्ही दिवसभर शाळेत आणि आईबाबा कामावर. तिथंही माझं वाक्य तेच होईल.

सध्या या दोघी येतात. वर्ग चालू आहे.