कटंगीचा डबा आणि अकरा मुलांचं टेबल

"डबा आत जाणार नाही," सिक्युरिटीवाल्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, आणि माझं डोकं सटकलं.

मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवर आमच्यामुळे अख्खी रांग अडली होती. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली चार कुटुंबं, त्यांची अकरा मुलं, आणि टूर लीडर म्हणून मी. स्टीलचा तो डबा कटंगीच्या कौसल्याबाईंचा होता. मुलं, सुना, नातवंडं असा त्यांचा मोठा गोतावळा सोबत होता. ग्रुपमधले सगळेच त्यांना मोठी आई म्हणायचे.

क्रूझवर घरचं खाणं नेता येत नाही. सीलबंद बिस्किटं चालतात, बाकी काही नाही. हा नियम मला पाठ आहे. पण नियम सांगणारा माणूस माझ्या प्रवाशाशी हात झटकून बोलला, तर मला तो नियम दिसत नाही, तो हात दिसतो.

"अंदर क्या है?" त्यानं विचारलं.

"घर का खाना है. बम है क्या? सुपरवायझर को बुलाव. तब तक हमारा एक भी आदमी नहीं हिलेगा."

सुपरवायझर आला. मी अर्धा तास भांडलो. शेवटी मागच्या रांगेतल्या लोकांनीच त्याच्यावर ओरडायला सुरुवात केली. "सूखा आयटम है ना? केबिन में ही रखना," म्हणून त्यानं डबा सोडला.

"भाऊ, तुमी नसते तं डबा गेलाच असता," मोठी आई म्हणाल्या. मी छाती फुगवून पुढे झालो.

मी हे काम शाळेत शिकलेलो नाही. कटंगीच्या स्टँडवर तुमसरच्या बसमध्ये माणसं भरण्यापासून सुरुवात केली. मग बैहरला जीप लावली, मग बालाघाटला ऑफिस टाकलं. जे मिळवलं ते भांडून मिळवलं. म्हणून क्रूझ कंपनीच्या लोकांशीही मी तसाच बोलतो.

जहाजावर चढल्या चढल्या मी डायनिंग मॅनेजर परेरांना गाठलं. वसईचा शांत माणूस. क्रूझच्या मोठ्या डायनिंग रूममध्ये रात्रीचं जेवण दोन पाळ्यांत वाढतात. त्याला सिटिंग म्हणतात. पहिली पाळी संध्याकाळची, दुसरी तिच्यानंतरची. प्रत्येक कुटुंबाला एक टेबल ठरवून दिलेलं असतं. ते टेबल प्रवास संपेपर्यंत बदलत नाही, कारण किचनच्या सगळ्या सूचना त्या टेबलाच्या नंबरावर असतात.

"आमची अकराही मुलं पहिल्या सिटिंगला, एकाच टेबलावर," मी सांगितलं. "आईबाप दुसऱ्या सिटिंगला."

"मुलांनी आपापल्या पालकांबरोबर बसावं, असं आम्ही सुचवतो."

"आमच्याकडे आधी लेकरं जेवतात, मग मोठे. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालतं. आईबापांना दोन घास निवांत खाऊ द्या."

"टेबलावर एक तरी मोठं माणूस लागेल."

"मोठी आई बसतील. अकराच काय, एकवीस मुलं सांभाळतील."

परेरांनी कागद काढला. "यात कुणाला अ‍ॅलर्जी?"

"आरोहीला. सहा वर्षांची आहे. शेंगदाणा. फॉर्मवर लिहिलंय, फोनवरही सांगितलंय."

त्यांनी ते नवीन टेबलाच्या नंबराखाली स्वतःच्या हातानं उतरवून घेतलं. ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. जहाजाच्या किचननं कुठेही चूक केली नाही.

आरोहीची आई वैशालीताई बैहरला शिक्षिका आहे. बुकिंगच्या दिवशीच तिनं मला बजावलं होतं. "भाऊ, शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी तिचा घसा सुजते. मागं एका लग्नात दवाखान्यात न्यावं लागलं. लक्ष ठेवजा." मी "हौ ताई" म्हणालो आणि फॉर्म भरला. आमच्या धंद्यात फॉर्म भरला की ती गोष्ट डोक्यातून जाते. किचनला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं, असं मी धरून चाललो. ग्रुपमधल्या बाकी कुणालाही मी एक शब्द बोललो नाही.

पहिल्या संध्याकाळी आईबाप मंडळी डेकवर सूर्यास्त पाहायला गेली. मी डायनिंग रूमच्या दारात उभा राहिलो. माझं टेबल कसं चाललंय ते पाहायचं होतं.

फार बरं चाललेलं नव्हतं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर अकरा प्लेटा होत्या आणि एकही मूल खात नव्हतं. पास्ता पाहून एकानं तोंड फिरवलं. दुसरी म्हणाली, "ये तो कच्चा है." कौसल्याबाईंचा नातू टेबलाखाली जाऊन बसला होता. आरोहीची प्लेट वेगळी होती. वरण-भात, बाजूला अ‍ॅलर्जीचं लाल किनारीचं कार्ड उभं केलेलं. ती प्लेट बनवायला वेगळी भांडी वापरतात आणि ती फक्त त्याच मुलासमोर ठेवतात. आरोही त्या कार्डाकडे पाहत एकटी बसली होती.

मोठ्या आईंनी दहा मिनिटं हे सहन केलं. मग बाह्या वर केल्या. वेटरकडून एक मोठं भांडं, भात आणि वरण मागून घेतलं. भात भांड्यात ओतला, वरून वरण घातलं. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, चांगली मूठभर चटणी टाकली आणि पाचही बोटांनी कालवायला घेतलं.

"या रे सारे! कोनाचं तोंड मोठं हाये, पाहू!"

मुलं खुर्च्या सोडून त्यांच्याभोवती गोळा झाली. टेबलाखालचा नातूही बाहेर आला. त्या एकेकाच्या तोंडात घास भरवत होत्या. "तुले उंदराएवढा, तुले हत्तीएवढा!" बाजूच्या टेबलांवरचे लोक वळून हसत होते. दोन वेटर तर कौतुकानं थांबले होते.

मीही हसलो. हे आपल्या पोस्टरवर शोभेल, असं वाटलं. मोबाइल काढला, जरा पुढे गेलो आणि फोटो काढला.

फोटो स्क्रीनवर आला. मोठ्या आईंचा हात पुढे झालेला. समोर आ वासून आरोही. मागे तिची रिकामी खुर्ची, न शिवलेली प्लेट आणि लाल किनारीचं कार्ड.

खरं सांगतो, दोन-तीन क्षण मी त्या फोटोकडेच पाहत राहिलो. समोर मुलगी उभी होती आणि मी फोटो पाहत होतो.

"मोठी आई! चटणी कायची हाये?"

"शेंगदान्याची. काहून?"

आरोहीनं तो घास गिळला होता. तो तिसरा होता. ती मान खाजवायला लागली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मामा, गले में कुछ अटक गया." आवाज घोगरा झाला होता. ओठ माझ्या डोळ्यांदेखत सुजत होते.

ज्याच्या आवाजानं टर्मिनल हललं होतं, तो मी मोबाइल हातात धरून नुसता उभा होतो. ओरडला तो वेटर. त्यानं लाल कार्ड उचलून वर धरलं, दुसरा फोनकडे धावला. परेरांनी मुलीला बसवलं, तिची कॉलर सैल केली. जहाजाचे डॉक्टर बॅग घेऊन पळत आले आणि तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं. वैशालीताई डेकवरून धावत आली तेव्हा आरोहीची छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

बाकी दहा मुलं भिंतीला लागून उभी होती. मोठ्या आईंचा हात अजून भातानं माखलेला होता.

"मले कोनं सांगतलं नाई," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "लेकरू एकटंच बसलं होतं, म्हनून बलावलं. मले कोनं सांगतलं नाई."

इंजेक्शन वेळेवर मिळालं. आरोहीचा श्वास मोकळा झाला. रात्रभर तिला जहाजाच्या मेडिकल सेंटरमध्ये ठेवलं. सकाळी ती उठली आणि तिनं आइस्क्रीम मागितलं. डॉक्टरांनी कागदावर सही केली तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसलो.

वैशालीताई बाहेर आली. ती ओरडेल, असं मला वाटलं होतं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. किचन, वेटर, सुपरवायझर.

तिनं एवढंच विचारलं, "भाऊ, तो डबा जहाजावर आला कसा?"

एकही उत्तर कामी आलं नाही.

"मी आणला," मी म्हणालो. "भांडून."

"त्यात काय हाये, विचारलं होतं?"

"नाही."

ती मुलीकडे परत गेली.

पुढे कंपनीचं पत्र आलं. टूर लीडरनं गेटवर दमदाटी करून प्रतिबंधित अन्न आत नेलं, सबब यापुढे तुमच्या ग्रुपला टेबल बदलून मिळणार नाही. त्यांच्या सुपरवायझरनं डबा सोडला, याबद्दल पत्रात अक्षर नाही. याचा मला आजही राग आहे. तीन वेळा लिहिलं, उत्तर नाही. दमदाटी मी केली, मान्य. पण दार त्यांचं होतं, उघडलं त्यांनी.

आता निघण्याआधी मी सगळ्या कुटुंबांना ऑफिसात बसवतो. ज्या मुलाला जे चालत नाही, ते त्याच्या आईला सगळ्यांसमोर सांगायला लावतो. मोठ्या आईंना मात्र माझ्या मीटिंगची गरज पडली नाही. कटंगीत लग्नाच्या पंगतीत त्या दुसऱ्याच्या लेकराला घास भरवण्याआधी हात थांबवून विचारतात, "याले काय चालत नाई, मायबाई?" त्या हे माझ्याआधी शिकल्या.

गेटवर मी अजूनही भांडतो. स्वभाव आहे. फक्त आधी डबा उघडून पाहतो.