दोन अक्षरांच्या मध्ये

धुळ्यात घरी बसून मी फॉन्ट तपासायचं काम करते. परदेशातली एक कंपनी फॉन्ट बनवते. अक्षरं नीट जुळतात का, कुठे तुटतात का, हे मी बघायचं. त्या वर्षी जुनी मंगोलियन लिपी आली. वरून खाली उतरणारी, एकाखाली एक गुंफलेली अक्षरं. भाषेचा मला गंध नव्हता. तिकडच्या एक शिक्षिका हाताने लिहिलेल्या शब्दांचे फोटो पाठवायच्या, मी ते बघून टाइप करायचे.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा नुकतेच अमळनेरकडच्या गावाहून माझ्याकडे राहायला आले होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. त्यांना बातम्या ऐकता याव्यात म्हणून मी लॅपटॉपवर वाचून दाखवणारा आवाज लावला होता. काम करताना तो चालूच राहायचा. मी कळ दाबत एकेका अक्षरावरून पुढे सरकले की त्या आवाजातली बाई त्या अक्षराचं नाव सांगायची. आबा शेजारी खुर्ची टाकून ते ऐकत बसत.

एका दुपारी एक छोटासा शब्द तपासत होते. आबांनी माझा हात धरला.

"थांब. मांगे जाय."

मी मागे जाऊन पुन्हा एकेक कळ दाबली.

"एक डाव ती बोलनी नही," आबा म्हणाले. "मझार कोनी तरी शे."

मधे कोण असणार, म्हणून मी शब्द मोठा करून पाहिला. शेवटचं अक्षर, खाली सुटलेली एक शेपटी, वरच्यापासून जरा वेगळं होतं, एवढंच. मधे कोरी जागा. मी तिथे जाऊन पुसायची कळ एकदा दाबली. काहीच पुसलं गेलं नाही. पण ती सुटी शेपटी वर सरकली, वरच्या अक्षराला चिकटली आणि तिचं वळणच बदललं.

आबांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पुन्हा कळा दाबायला लावल्या आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आते नही शे. तेले परत बसाड."

मी केलेलं मागे घेतलं. शेपटी सुटी झाली.

दुसऱ्या दिवशी शिक्षिकाबाईंना व्हिडिओ कॉलवर विचारलं. त्या म्हणाल्या की तिथे खरंच एक न दिसणारं चिन्ह आहे, त्याला संगणकात स्वतःचा क्रमांकही आहे. त्याला रूप नाही, उच्चार नाही. शेवटचा स्वर वेगळा ठेव, एवढंच ते यंत्राला सांगतं. हाताने लिहिताना ते कुणी लिहीत नाही, लेखणी नुसती उचलतात. त्या शब्दाचा अर्थ काळा, असंही त्यांनी सांगितलं.

मग मला सुचलं ते विचारलं. तो शब्द मीच फोटो बघून टाइप केला होता. असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं, तर ते तिथे आलं कसं? कीबोर्डने आपोआप घातलं असेल, असं त्यांना वाटलं. मी तो शब्द त्याच कीबोर्डवर पुन्हा पुन्हा टाइप केला. दर वेळी शेपटी चिकटलेलीच आली. कुठून तरी कॉपी केला असशील, असं कंपनीतले म्हणाले. मी केला नव्हता. वाद घालण्यासारखं काही हातात नव्हतं, आणि शब्द तर बरोबरच होता. फॉन्ट मंजूर झाला.

आबा मात्र रोज चहानंतर तोच शब्द ऐकायला मागू लागले. त्या जागी लॅपटॉपमधली बाई गप्प झाली की ते पाय जवळ घेत, कुणाला जागा करून द्यावी तसे. "बस, बस," असं पुटपुटत. मी एकदा विचारलं, कोण आहे? न दिसणारे डोळे माझ्याकडे वळवून ते म्हणाले, "माले काय दखास?" आणि पुढची कळ दाबायला सांगितली.

काम संपल्यावर लॅपटॉप कंपनीला परत करायचा होता. सगळं पुसून द्यायचं होतं. मी आबांना गॅलरीत उन्हाला बसवलं, आवाज बंद केला आणि दार लोटून घेतलं.

त्या शब्दाची फाइल गेली तेव्हा खोलीत काहीही वाजलं नाही. बाहेरून आबांनी विचारलं, "गयं का?"

मी हो म्हणाले.