उजेडासमोरचा पेला

सुमे, जरा जवळ सरक. लांबून लिहितेय म्हणून काय झालं, भाचीचा कान धरता येतो मला. मागल्या खेपेला माझ्या घरी आलीस आणि पिशवीतून विकतच्या पाण्याची बाटली काढलीस. आमचे शेजारी आप्पा असते, तर तुला उंबऱ्यावरूनच परत धाडलं असतं.

आप्पा म्हणजे वडगावातले जुने विणकर. पाण्याचा पेला हातात आला की आधी उजेडासमोर धरायचे, एक डोळा बारीक करून बघायचे आणि मगच तोंडाला लावायचे. साडीतला तुटका धागा शोधून शोधून लागलेली सवय. म्हणायचे, "सूत आन् पाणी, उजेडासमोर धरल्याबिगर घेऊ नये."

आमच्या गल्लीत घरोघरी माग. सुताचे बारीक तंतू उडून गच्चीवर बसतात, पावसात भिजले की नुसता लगदा. म्हणून आप्पांनी गच्चीच्या पाइपाखाली पिंप ठेवलेलं. तळाला गोटे, त्यावर खडी, कोळसा, धुतलेली वाळू, आणि तोंडाला स्वतः विणलेल्या साडीचा तुकडा. गाळलेलं पाणी खालच्या तोटीतून यायचं, पिण्यापुरतं उकळायचं. पाऊस लागला की पाइप आधी गटाराकडे वळवायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, चांगलं पाणी वाया चाललंय." तर म्हणतात, "ती गच्चीची आंघोळ हाय, आक्का. दुसऱ्याच्या आंघोळीचं पाणी पितीस व्हय?"

अशा घरात गुंजी गावची मुलगी सून म्हणून आली, रेखा. पहिल्याच दिवशी तिनं पेला खाली ठेवला. "आप्पा, गच्चीवर कावळे बसतात. मला न्हाय जायचं हे पाणी." रोज दोन गल्ल्या ओलांडून नळाची घागर आणायची. आप्पा वाद घालायचे नाहीत. नुसती वाळू पुन्हा पुन्हा धुवायचे. मुलगा चेष्टा करायचा, "आता पाणी मागावर घालून विणा, आप्पा." मला मात्र हळूच म्हणाले, "गल्लीनं न्हाय पिलं तरी चालंल गं. घरच्या सुनंनंच न्हाय घेतलं, तर मी गाळतोय कुणासाठी?"

मग एका पावसाळ्यात त्यांचा गुडघा धरला. आभाळ भरून आलेलं, गच्चीवर तंतूंचा थर, आणि मुलगा कामावर. "ऱ्हाऊ दे, पिंप झाकून टाका," म्हणून आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले. रेखानं पदर खोचला, खराटा घेतला आणि वर गेली. गच्ची झाडली, बादल्या ओतून धुतली, पाऊस आल्यावर पाइपही न सांगता आधी गटाराकडे, मग पिंपाकडे वळवला.

दुसऱ्या दिवशी तिनं तोटीचं पाणी उकळून, निववून पेला भरला. आप्पांनी विचारलं, "कुणाला गं?"

"मलाच. गच्ची आता माझ्या हातची हाय."

आप्पांनी पेला मागून घेतला, उजेडासमोर धरला आणि तिला परत दिला. मग दिवसभर खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होते, "आज आमच्या सुनंनं पाणी घेतलं."

आप्पा जाऊन दोन पावसाळे झाले. पिंप तिथंच आहे, वाळू रेखा धुते. माहेरी गेली तरी पेला उजेडासमोर धरते, आई चिडते म्हणे.

तर लवकर ये, बाई. बाटली तिकडंच ठेव. आणि रेखानं पाणी दिलं की आधी उजेडासमोर धर. ती बघत असते.